सुगंधा मावशीचा डावा पाय

तेजल रोज सकाळी कामावर आली की बसायच्या आधी चिकटपट्टीचा वीतभर तुकडा फाडायची आणि तो उलटा करून, चिकट बाजू वर ठेवून, डाव्या मनगटाला गुंडाळायची. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, परदेशी जाणाऱ्या शर्टांचे लोंबते धागे कापायचं काम बाराजणी करायच्या. कापलेला धागा बाकीच्या फुंकरीने उडवायच्या, नाहीतर झटकून खाली टाकायच्या. तेजल तो मनगटावर टेकवायची. संध्याकाळपर्यंत पट्टीवर निळ्या, पांढऱ्या, राखाडी धाग्यांची लव उगवलेली असायची. सुटायच्या वेळी ती पट्टी सोडवून टेबलाच्या खालच्या अंगाला चिकटवून टाकायची. हे काय, म्हणून कुणी विचारलं तर म्हणायची, "हजेरी."

तीन वर्षांत टेबलाची खालची बाजू एखाद्या जनावराच्या पोटासारखी मऊ, केसाळ झाली होती.

तेजलला जाऊन आता सव्वा वर्ष झालं. टेबल तिथेच आहे. तिच्या जागेला लागून सुगंधा मावशी बसते, आणि बसताना गुडघा चुकूनही वर लागू देत नाही.

सुगंधा घाडी मूळची देवगडकडची. लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा सासऱ्याची गिरणी बंद पडून पाच-सहा वर्षं झाली होती आणि घरातले सगळे मिळेल त्या कामाला लागले होते. तीही लागली. नवरा सात वर्षांपूर्वी वारला, मुलगी बोरिवलीला दिली. आता मरोळलाच, पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर ती एकटी राहते. छप्पन्न वर्षांची, बुटकी, बोलायला तोंडाळ. पण कारखान्यात तिला जे वजन होतं ते बोलण्यामुळे नव्हतं, तिच्या डाव्या पायामुळे होतं.

सुगंधा पायाळू. आईच्या पोटातून तिचे पाय आधी बाहेर आले होते. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते, धरलेली मान सुटते, हे तिच्या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. लावणीच्या दिवसांत त्यांच्या दारात कमरा धरून माणसं उभी राहायची आणि शाळेत जायच्या आधी चार-पाच जणांना पाय लावून जावं लागायचं. सात वर्षांच्या मुलीच्या पायाशी गावचा खोतसुद्धा पालथा पडायचा. ते तिला तेव्हापासून आवडायचं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही, पण आवडायचं.

मरोळच्या त्या टेबलावर तर मान धरत नाही अशी बाई नव्हती. आठ-आठ तास ट्यूबलाइटखाली डोकं खाली घालून बसायचं, दुसरं काय होणार? जेवणाच्या सुट्टीत सुगंधा स्टुलावर बसायची. जिची मान धरली असेल ती समोर खाली खोक्यावर, पाठ करून बसायची, आणि हनुवटी पार छातीला टेकेपर्यंत डोकं वाकवायची, म्हणजे मानेचा मणका वर येतो. मानेवर रुमाल टाकायचा. मग सुगंधा डाव्या पायाचा अंगठा तीनदा वरून खाली ओढायची. झालं की त्या बाईच्या खांद्याला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावायची, कारण काही झालं तरी तो पाय होता. दोन दिवसांत मान मोकळी व्हायची. पाय लावला नसता तरी ती दोन दिवसांत झालीच असती, हे सुगंधाला आतून ठाऊक होतं. पण ते कशाला बोलायचं?

सगळ्याजणी तिच्यासमोर बसून गेल्या होत्या. फक्त तेजल नाही.

तेजल गायसमुद्रे माहेरची देवनारची. आजोबा जालन्याकडून आलेले. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडून ती या कामाला लागली होती आणि उरलेलं वर्ष पुरं करणार, असं दर जूनमध्ये म्हणायची. कामाला लागल्यावर दोन-चार महिन्यांत तिचीही मान धरली. शेजारची माधुरी तिला ओढत सुगंधाच्या स्टुलापाशी घेऊन आली. तेजल हसत हात सोडवून म्हणाली, "नको गं. माझी आजी सांगायची, मान कुणाच्या पायाखाली द्यायची नाही. औषधालासुद्धा नाही."

ज्या त्या बाईला आपली कातर कुठे ठेवली ते आठवेना. मग तेजलनेच वातावरण सैल केलं. "मावशी, तुम्ही मला हात लावा की. हात काय उलटे जन्माला आले नाहीत ना?" सगळ्या हसल्या. सुगंधाही हसली आणि बाम घेऊन तिची मान चोळून दिली. पण कुठेतरी ते तिला लागलं. पोरगी चुकीचं बोलली नव्हती, हे कळत होतं, म्हणून जास्तच लागलं.

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. तेजल तिला बँकेचे अर्ज भरून द्यायची, मोबाइलवर मुलीचे फोटो मोठे करून दाखवायची. सुगंधाने सोलकढी आणली की पहिला पेला तेजलचा. जायच्या आठ महिने आधी तेजलचं मिथुनशी लग्न झालं आणि ती घाटकोपरला राहायला गेली, तेव्हा सुगंधाने तिला गावची हापूसची पेटी दिली आणि तिच्या सासूला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं की ही सकाळी चहाशिवाय बोलत नाही, राग मानू नका. मान धरली की बाम, हेही तसंच चालू राहिलं. पाय लावण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पण दुसरी कुणी समोर येऊन बसली की सुगंधाची नजर एकदा तरी तेजलकडे जायचीच. बघते आहे का, म्हणून.

फेब्रुवारीतला तो गुरुवार. तेजल आली तीच शाल गुंडाळून. रात्रीपासून कणकण आहे, म्हणाली. सर्दीची साथ होती, दोघी-तिघी आधीच शिंकत होत्या, त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नाही. पट्टी मनगटाला गुंडाळताना ती दोनदा चुकली. मग तिने टेबलावरची ट्यूब बंद करायला सांगितलं, उजेड डोळ्यांत घुसतोय म्हणून. ट्यूब बंद केली तर काम कसं करणार? काशीराम सुपरवायझर नाही म्हणाला, तशी ती ओढणी कपाळावर ओढून बसली. डोकं असं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं, असं तिने सुगंधाला हळूच सांगितलं. अकराच्या सुमारास तिला उलटी झाली.

लग्नाला आठ महिने झालेली मुलगी आणि उलटी. टेबलावर जे व्हायचं तेच झालं. माधुरीने पेढे कधी, म्हणून विचारलं, दुसरीने आंबट काय आणू, म्हणून विचारलं. तेजल ताप आलाय गं, एवढंच म्हणत राहिली. सुगंधाही हसत होती. नंतर पुष्कळ महिने तिला स्वतःचं ते हसणं ऐकू यायचं, दात घासताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. एवढ्या मोठ्याने आपण हसलो होतो का, असं वाटायचं.

जेवणाच्या सुट्टीत तेजल जेवली नाही. ती उठली, टेबलाला धरून धरून आली आणि सुगंधाच्या स्टुलासमोर खाली बसली. पाठ करून.

"मावशी, लावा पाय," ती म्हणाली. "मान हलतच नाहीये."

इथे सुगंधा नेहमी अडते. पुढचं सगळं ती कुणालाही सांगू शकली असती. हे सांगता येत नव्हतं, की त्या क्षणी तिला आनंद झाला. तीन वर्षं न आलेली पोरगी शेवटी आली. आजीचा शब्द बाजूला ठेवून आली. एवढी हट्टी मुलगी आज का आली असेल, किती दुखत असेल म्हणून आली असेल, हा प्रश्न त्या आनंदात तिला पडलाच नाही.

तिने रुमाल टाकला आणि डोकं वाकव म्हणाली. तेजलने प्रयत्न केला. डोकं वाकेना. सुगंधाने मागून हात लावून हळूच दाबलं, तशी तेजल कण्हली आणि तिचे दोन्ही गुडघे आपोआप पोटाकडे ओढले गेले. हनुवटी छातीपासून चार बोटं वर अडून राहिली. इतकी धरलेली मान सुगंधाने उभ्या जन्मात बघितली नव्हती. आणि तिला वाटलं ते एवढंच, की मान फार धरली आहे.

तिने अंगठा लावला. रुमालातूनसुद्धा चटका बसला, उन्हात तापलेल्या पत्र्यासारखा. मानेचे स्नायू काठीसारखे ताठ. तीनदा पाय ओढून तिने तेजलच्या खांद्याला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि म्हणाली, "घरी जा गो. तापाची गोळी घे नि गप पडून राव. सकाळपर्यंत सुटतली."

दोन वाजता तेजल घरी गेली.

पुढचं सुगंधाला तुकड्यातुकड्यांनी कळलं. मिथुन एका कुरिअरच्या गोदामात कामाला. सहा वाजता घरी आला तर तेजल अंधार करून भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने डॉक्टरकडे चल म्हटलं. तिने नको म्हटलं. आठनंतर ती असंबद्ध बोलायला लागली, त्याला भावाच्या नावाने हाक मारू लागली. तापात बरळते आहे, असं घरच्यांना वाटलं, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. मग ती शांत झोपली म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. सकाळी उठवायला गेले तर ती उठेना. पावलांवर आणि पोटऱ्यांवर जांभळट डाग होते. सासूला ते डासांचे वाटले. हॉस्पिटलात नेल्यावर डॉक्टरांनी पाच मिनिटांत नाव सांगितलं, मेनिंजायटिस, मेंदूच्या आवरणाचा ताप. सगळी औषधं सुरू केली. शुक्रवारी दुपारी साडेतीनला ती गेली. तेवीस वर्षांची होती.

सोमवारी महापालिकेच्या आरोग्यसेविका कारखान्यात आल्या. तेजलच्या आजूबाजूला कोण कोण बसायचं, एका पेल्यातून कोण प्यायचं, ते विचारून घेतलं आणि त्या सगळ्यांना एकेक गोळी समोर उभं राहून गिळायला लावली. हा आजार जवळच्यांना लागू शकतो म्हणून ही खबरदारी, असं सांगितलं. मग टेबलाच्या टोकाशी उभ्या राहून त्यांनी समजावलं. आवाजात राग नव्हता. दिवसातून चार ठिकाणी हेच सांगत असाव्यात. ताप आणि डोकेदुखी सगळ्यांनाच होते, त्याला घाबरायचं नाही. पण तापाबरोबर मान ताठ झाली, उजेड सहन होईना, उलट्या व्हायला लागल्या, माणूस गुंगीत जायला लागलं किंवा भलतंच बोलायला लागलं, तर सकाळ उजाडायची वाट बघायची नाही, थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. सगळी लक्षणं एकदम येत नाहीत, दोन दिसली तरी निघायचं. अंगावर डाग आले तर काचेचा पेला दाबून बघायचा, दाबल्यावरही डाग पुसट झाले नाहीत तर एक मिनिट थांबायचं नाही. पण डाग सगळ्यांना येतातच असं नाही, म्हणून डागांसाठी थांबायचं नाही. या आजारात दिवस नसतात, तास असतात.

"आता सगळ्यांनी हनुवटी छातीला लावून दाखवा," त्या म्हणाल्या. "ताप असताना हे जमत नसेल तर समजायचं."

अकरा बायकांनी माना खाली घातल्या. अकरा हनुवट्या छातीला लागल्या. सुगंधाने मान खाली घातली ती वर काढलीच नाही. इतकी वर्षं पाय लावायच्या आधी ती प्रत्येक बाईला हेच करायला लावत होती. डॉक्टर जे बघतात तेच बघत होती. गुरुवारी तिने ते स्वतःच्या हाताने करून बघितलं होतं, चार बोटांचं अंतर डोळ्यांनी मोजलं होतं, आणि मग पाय लावला होता.

माधुरीने तिच्याकडे बघितलं. तेजल त्या स्टुलासमोर बसली होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं, पण त्यांचं स्वतःचं हसणंही तिथेच होतं. टेबलावर त्या दिवशी कातरींचा आवाज तेवढा होत राहिला.

पुण्यानुमोदनाला सगळ्या घाटकोपरला गेल्या. दोन खोल्यांचं घर, माणसं जिन्यापर्यंत बसलेली. वंदना झाल्यावर मिथुन एकेकाजवळ येऊन बसत होता आणि प्रत्येकाला एकच सांगत होता. मी सात वाजता चप्पल घातली होती. खाली दवाखाना उघडा होता. चप्पल घातली होती आणि मग काढली. समोरचा माणूस त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, तो मान हलवायचा आणि दुसऱ्याकडे जाऊन पुन्हा तेच सांगायचा. सुगंधाजवळ आला तेव्हा त्याने थोडं जास्त सांगितलं.

"ती म्हणाली, मावशीने मान बघितली आहे, सकाळपर्यंत सुटेल. म्हणून काढली चप्पल. तुम्ही काय लावलं होतं मावशी?"

खोलीत सगळीकडे माणसं होती. तेजलची आजी समोरच्या भिंतीला टेकून बसली होती, नव्वदीची, डोळे मिटलेले.

"बाम," सुगंधा म्हणाली.

मिथुनने मान हलवली. "हां. बामच असणार," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसापाशी जाऊन चपलेचं सांगू लागला.

त्यानंतर सुगंधाने कुणाला पाय लावला नाही. गुडघा दुखतो, डॉक्टरने नको सांगितलंय, अशी थाप मारली. डाव्या पायात ती मोजा घालू लागली. एकाच पायात. सुनेने दिलेली जोडी आहे, एक हरवला, असं शेजाऱ्यांनी विचारलं की सांगायची, आणि मग आठवायचं की आपल्याला सूनच नाही. घरातल्या थंड लादीवर पाय टेकला तरी त्या अंगठ्याला मधूनच ऊब जाणवायची. डॉक्टरला दाखवलं असतं तर त्याने नसांचं काहीतरी सांगितलं असतं. तिने दाखवलं नाही. मेट्रोच्या पुलाखालून जाताना घाटकोपरकडे जाणारी गाडी डोक्यावरून गेली की ती थांबायची. तिकीट काढायचं, अर्ध्या तासात पोचायचं, चार वाक्यं बोलायची. त्या पोराच्या मनातली चप्पल तेवढ्याने निघाली असती. तो स्वतःला दोष देत फिरतोय तो आपल्या खोटेपणामुळे, हे तिला रोज स्वच्छ दिसत होतं. आणि रोज गाडी पुढे निघून जायची.

कारखान्यात तेजलच्या जागी नवीन मुलगी आली. एकदा कातर खाली पडली म्हणून ती टेबलाखाली वाकली आणि ई, हे काय आहे, म्हणत खरवडायला लागली. सुगंधा तिच्यावर अशी ओरडली की काशीराम सुपरवायझर केबिनमधून बाहेर आला. मग सुगंधाच खाली वाकली. शेवटची पट्टी कडेलाच होती. दुसऱ्या पट्ट्यांवर लव भरगच्च होती, हिच्यावर सात-आठ धागे, तेही वाकडेतिकडे. ताप भरलेला असतानासुद्धा जायच्या आधी तिने हजेरी लावली होती. ते सुगंधाने त्या दिवशी पाहिलंच नव्हतं.

असं वर्ष गेलं.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी नऊला शेजारच्या प्रेमाने दार वाजवलं. मागे तिची मुलगी अपूर्वा, बारावीची परीक्षा चालू असलेली. डोळ्यांवर आडवा हात धरून ती भिंतीला टेकली होती. पहाटेपासून ताप आहे, प्रेमा सांगत होती, रात्रभर पुस्तकात डोकं घालून बसते, मान पार धरली आहे, उद्या पेपर आहे, गुडघा दुखतो ते माहीत आहे पण एकदाच पाय लावा.

सुगंधाने विचारलं, उलटी झाली का. दोनदा झाली होती, पण परीक्षेच्या टेन्शनची. तिने अपूर्वाला हनुवटी छातीला लावायला सांगितलं. अपूर्वाने प्रयत्न केला. चार बोटं.

सुगंधाने खुंटीवरची पिशवी काढून खांद्याला लावली. मग ती म्हणाली, रिक्षा बोलव, मोठ्या हॉस्पिटलात जायचं आहे, आत्ता. प्रेमा चक्रावली. खालचा डॉक्टर अकराला येतो, त्याला आधी दाखवू, म्हणाली. रविवारी मोठ्या हॉस्पिटलात कोण विचारतो, म्हणाली. आणि शेवटी, पाय तर लावा, मग जाऊ.

"नाय लावूचंय," सुगंधा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "ह्या पायाखालून एक पोरगी गेली माझ्या. अशीच बसली होती. अशीच मान होती. मी पाय लावला नि घरी पाठवली. आता तू रिक्षा बोलावतेस का मी बोलावू?"

वर्षभर जे वाक्य कुणासमोर निघालं नव्हतं ते असं जिन्यात निघालं. प्रेमा चप्पल न घालताच खाली धावली.

हॉस्पिटलात सुगंधानेच केसपेपरच्या खिडकीशी वाद घातला. ताप, मान ताठ, उजेड सहन होत नाही, दोन उलट्या, पहाटे पाचपासून, हे तिने असं धडाधड सांगितलं की तिथल्या डॉक्टरणीने तुम्ही नर्स आहात का, म्हणून विचारलं. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं. तेच होतं. पण चार-पाच तासांत आली होती. सोळा दिवसांनी अपूर्वा घरी आली. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, परीक्षा बुडाली, पण आली.

दुसऱ्या दिवशी प्रेमा पेढे घेऊन आली. सुगंधा खुर्चीत बसली होती. काही कळायच्या आत प्रेमा खाली वाकली आणि तिच्या डाव्या पायावर, मोज्यावर, डोकं टेकवलं. इमारतीत आता म्हणतात, प्रेमा सांगत होती, की मावशीचा पाय आता न लावताही लागू पडतो.

सुगंधाने पाय काढून घेतला. पेढ्यांचा बॉक्स तिने तसाच ठेवला, साडी बदलली, मोजा काढला, आणि मरोळ नाक्यावरून मेट्रो पकडून घाटकोपरला गेली.

मिथुन घरी होता. तेजलच्या सासूने चहा ठेवला. सुगंधाने तो होऊ दिला नाही, तिला वाटलं चहा घेतला तर पुन्हा राहून जाईल. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. बाम नव्हता. पाय होता. मान वाकत नव्हती हे हाताने दाबून बघितलं होतं. डॉक्टरकडे जा म्हणायच्या ऐवजी सकाळपर्यंत सुटेल म्हणाले. तू चप्पल काढलीस ती माझ्या शब्दावर. आणि ती माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही तिने सांगितलं.

मिथुन कॉटच्या कडेवर बसला होता. सासू स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात सांडशी. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, बादली सरकवल्याचा आवाज येत होता. तो ओरडेल, जा म्हणेल, असं सुगंधाला वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तिने पाय लावून घेतला?" त्याने विचारलं. "तेजलने?"

सुगंधाने हो म्हटलं.

"म्हणजे फारच दुखत असणार," तो म्हणाला.

त्याने दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. माफ केलं असं काही तो बोलला नाही, आणि सुगंधाही त्यासाठी आली नव्हती. मग त्याने जमिनीकडे बघतच विचारलं, की कारखान्यातून निघताना ती काय म्हणाली. घरी आल्यावर माझ्याशी धड एक वाक्य बोलली नाही ती, सात वाजता तेवढं मान बघितली आहे म्हणाली, नंतर भलतंच. त्याच्या आधीचं काहीतरी पाहिजे. काहीही.

सुगंधाला ते लक्षात होतं. इतकं साधं होतं, की ते सांगायची तिला लाज वाटली. तेजल दारापाशी गेली होती, एक हात भिंतीला, खांद्यावर पर्स, डोळे बारीक केलेले. मग मागे वळून म्हणाली होती,

"मावशी, माझा डबा खणातच राहिलाय. भेंडी आहे. खाऊन टाका, उद्यापर्यंत खराब होईल."